सरपंचाचं मनगट

डॉक्टर पौर्णिमाच्या हाताला म्हशींची सवय होती. लोधिवलीतून पशुवैद्यकीला गेलेली ती पहिलीच मुलगी. "माणसांची डॉक्टर व्हायला काय झालं होतं हिला?" म्हणून तेव्हा गावाने नाकं मुरडली, आणि पुढे त्याच गावाने अडलेल्या गाईपाशी तिला सणासुदीच्या ताटावरून उठवून नेलं. सतरा वर्षं तिने खालापूर-कर्जतचे गोठे पालथे घातले. आडवं आलेलं वासरू खांद्यापर्यंत हात घालून फिरवायचं, शिंग कापायचं, लाथ चुकवायची. या कामात नाजूकपणाला जागा नव्हती. तिच्याशी हात मिळवलेला माणूस नंतर गुपचूप आपली बोटं चोळत बसायचा.

मग गोठे रिकामे होत गेले. गाई होत्या त्या जमिनींवर बंगले आले, बंगल्यांमागून कुत्रे आले, आणि एप्रिलच्या उन्हात धापा टाकायला बर्फातला हस्कीसुद्धा कर्जतला राहायला आला. पौर्णिमाने चौकला जुन्या हायवेलगत दवाखाना टाकला. कुत्र्यामांजरांची लसीकरणं, पोटं, कातडीचे आजार, एवढ्यात तिचं बरं चाललं होतं. हाडांचं काही निघालं की मात्र ती हात वर करायची आणि पनवेलला पाठवून द्यायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी नवं काही शिकायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे आधी चारचौघांत कबूल करायचं, आणि ते तिला जड जात होतं. हे ती कुणाला सांगत नसे, पण होतं ते असं.

तिची ही अढी मोडली ती सरपंचाने. सरपंच म्हणजे कुंभिवलीच्या इंदूबाईंचा कुत्रा. दिवसभर दुसऱ्यांच्या ओट्यावर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायची आणि काही झालं की सगळ्यांच्या आधी ओरडायचं, असा त्याचा स्वभाव असल्यामुळे त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. गावच्या खऱ्या सरपंचांनीही ते हसण्यावारी नेलं होतं. सकाळी मात्र हा सरपंच कामाला जायचा. इंदूबाईंच्या चौदा शेळ्या कारखान्यांमागच्या डोंगरउतारावर चरायच्या आणि त्यांची राखण तो एकटा करायचा. इंदूबाई पासष्टीच्या, घरात दुसरं कुणी नाही. त्यांचे गुडघे उतारावर चालत नसत, त्या खालीच बसत आणि वरून सरपंचाचं भुंकणं ऐकू आलं की निर्धास्त होत.

डिसेंबरात एका माकडाच्या मागे धावताना सरपंचाने हायवेकडच्या उंच भिंतीवरून उडी टाकली. पुढच्या उजव्या पायाचं मनगट गेलं. हाड मोडलं नव्हतं, पण मनगटाला मागून धरून ठेवणारे अस्थिबंध फाटले होते, त्यामुळे पाय टेकला की मनगट सपाट जमिनीला लागायचं. आपण तळहातावर चालावं तसा तो चालायचा, मग कळ आली की पाय उचलून धरायचा. पट्ट्या झाल्या, प्लास्टर झालं. पनवेलला दाखवून आणलं, तिथे पाय काढण्याचा सल्ला मिळाला.

"कापायचा नाय म्हंजे नाय," इंदूबाई दवाखान्याच्या बाकावर ठाण मांडून म्हणाल्या. "माजी शेरडं उतारावर चरतात. पुढचा पाय नसला तं उतरताना तोंडावर पडल त्यो."

"मावशी, एक इलाज हाय," पौर्णिमा म्हणाली. त्यांच्याशी बोलताना तिची पुस्तकी मराठी आपोआप घरी निघून जायची. "मनगटाचा सांधाच कायमचा जखडून टाकायचा. दोन्ही बाजूंची हाडं जुळून एक होतात. मनगट वाकनार नाय, पन टेकता येतं. दुखत पन नाय."

"मंग कर की."

"मला येत नाय."

"मंग शिक," इंदूबाई म्हणाल्या. "माजं वय झालं शिकायचं. तुजं कुटं झालंय?"

त्याच आठवड्यात पौर्णिमाच्या मोबाइलवर एक जाहिरात आली होती: छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यांसाठी सांधे जखडण्याच्या शस्त्रक्रियेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, प्रत्यक्ष हाताने करून, जागा कर्जतजवळचं एक फार्महाउस. तिने ती न उघडताच सोडून दिली होती. आता उघडली आणि नाव घातलं.

जानेवारीतल्या त्या शनिवारी फार्महाउसच्या हॉलमध्ये सहा टेबलं मांडलेली होती आणि टेबलामागे दोन, असे बारा डॉक्टर. पौर्णिमा त्यांत वयाने सगळ्यांत मोठी. शिकवणारी डॉक्टर ऋतिका पुण्याची, बत्तीस वर्षांची, किरकोळ अंगाची, आणि बोलायला अशी की हॉलमध्ये कुणाला जांभई द्यायची सोय नव्हती. मेलेल्या कुत्र्यांचे पाय टेबलांवर होते, त्यांच्या मालकांनी शिकण्यासाठी दिलेले. ऋतिकाने सुरुवातीलाच ते सांगितलं आणि मिनिटभर सगळ्यांना गप्प उभं केलं. पौर्णिमाला ती पोरगी तिथेच आवडली.

पुढचं इतकं आवडण्यासारखं नव्हतं. मनगट उघडायचं. आतल्या प्रत्येक छोट्या हाडाच्या टोकावर एक गुळगुळीत, पांढरं, चमकणारं आवरण असतं, कूर्चा म्हणतात ती. तिच्यामुळेच सांधा सरकतो. ती धारदार चमच्याने खरवडून काढायची, अगदी कणभरही ठेवायची नाही, खालचं खडबडीत हाड उघडं पाडायचं. मग खांद्याच्या हाडातून काढलेला मऊ भुगा मध्ये भरायचा आणि वरून स्टीलची पट्टी स्क्रूंनी आवळायची. सतरा वर्षं ज्या हाताने जनावरं पायांवर उभी केली त्याच हाताने सांधा संपवायचा होता. पौर्णिमाचा चमचा कूर्चेपाशी जाऊन घुटमळायला लागला.

"मॅडम, दया दाखवू नका," ऋतिका भिंगाचा दिवा तिच्या टेबलावर ओढत म्हणाली. "हे बघा, इथे पांढरं राहिलंय. इथेही. एवढंसं राहिलं तरी तिथली हाडं जुळत नाहीत. मग सगळा भार पट्टीवर येतो आणि दोन-तीन महिन्यांत पट्टी तुटते. तेव्हा मात्र पाय काढावाच लागतो."

पौर्णिमाने पुन्हा खरवडलं. ऋतिकाने पुन्हा पांढरं शोधून दाखवलं. तिसऱ्या वेळी दिव्याखाली काही सापडलं नाही. इथवर ठीक होतं. मग ड्रिल हातात आलं आणि म्हशीची सवय जागी झाली. पौर्णिमाने खांदा लावून जोर दिला, ड्रिल पंज्याच्या बोटाएवढ्या हाडातून आरपार गेलं आणि हाड कडकन दुभंगलं.

"मॅडम, समोर म्हैस नाहीये," ऋतिका म्हणाली.

सगळे हसले. पौर्णिमाही हसली, पण तिचे कान तापले होते. दुसरं हाड दिलं, तेही फुटलं. दिवस संपताना ऋतिका तिला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचं खरवडणं आज सगळ्यांत स्वच्छ होतं. पण ड्रिल असंच राहणार असेल तर जिवंत कुत्र्यावर करू नका. प्रमाणपत्र मी देईन. तुम्ही करू नका."

अपमान म्हणावा तर त्यात खोट नव्हती, म्हणून तो जास्त लागला. संध्याकाळी ती लोधिवलीला वडिलांकडे गेली. श्रीपतबाबांनी साजगावच्या कारखान्यात फिटर म्हणून पस्तीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊनही त्यांचे हात स्वस्थ नसत. बुद्धविहाराचे पंखे, शेजाऱ्यांचे पंप, सायकलींचे ब्रेक, काही ना काही खोलून ठेवलेलं असायचं. मुलीने चहा अर्धा टाकलेला पाहून त्यांनी विचारलं आणि तिने सगळं सांगून टाकलं.

"हाडाला आत पोकळी असती ना गं?" त्यांनी विचारलं. "दोन्हीकडनं कडक, मधी पोकळ?"

"हो बाबा."

ते उठले आणि परसातून बोटाएवढ्या जाडीच्या ओल्या बांबूचं कांडं घेऊन आले. अंगणातल्या लाकडी ठोकळ्यावर ते आवळलं, आपलं जुनं ड्रिल जोडलं आणि तिच्या हातात दिलं. "जोर द्याचा नाय. ड्रिल सोताच्या वजनानं जाऊ दे. पयली भिंत फुटली की आवाज बदलतो, तवा हात सैल सोड. दुसऱ्या भिंतीला लागला की परत जड आवाज येतो. तो हलका व्हायला लागला की थांब. डोळ्यानं नको बगू, कानानं बग."

पहिले सात-आठ बांबू तिने फोडले. बाबा नवा तुकडा लावत गेले. अंधार पडायच्या आत एकोणीस भोकं आरपार स्वच्छ पडली आणि विसावं पाडताना तिला जाणवलं, की आता आपण जोर देत नाही, ऐकत आहोत. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईच्या डोक्यावर सत्तरीच्या बापाने हात ठेवला. "तुज्या हातात ताकद हाय पौर्णे, ती वाईट नाय. ती वापरायची नाय एवडंच."

दुसऱ्या दिवशी तिने पट्टीचे आठही स्क्रू हाड न फोडता बसवले. ऋतिकाने पाय हातात घेऊन वाकवून पाहिला, पिळून पाहिला, भिंगाखाली धरला. "काल रात्रीत काय खाल्लंत?" तिने विचारलं. "बांबू," पौर्णिमा म्हणाली, आणि मग सगळ्या हॉलला ते समजावून सांगण्यात जेवणाची सुट्टी गेली.

फेब्रुवारीत सरपंचाचं मनगट झालं. ऋतिका फोनवरून सोबत होती, पण तिला बोलायचं काम फारसं पडलं नाही. पौर्णिमाने कूर्चा खरवडायला तासभर घेतला. भूल सांभाळणारी दवाखान्यातली मदतनीस हिरू मध्ये दोनदा घड्याळाकडे बघून खाकरली, तरी ती हटली नाही. स्क्रू कानाने बसवले. वरून कडक बँडेज बांधलं आणि इंदूबाईंना बजावलं: "आठ आठवडे याला पळू द्याचं नाय मावशी. उडी नाय, डोंगर नाय. पळाला तर आतली पट्टी तुटंल आन् पाय जाईल." प्रशिक्षणाच्या कागदावर 'पिंजऱ्यात ठेवावे' असं छापलेलं होतं. इंदूबाईंच्या घरी पिंजरा कुठला असणार, म्हणून पौर्णिमाने तेवढं वाक्य गाळलं. त्याच्या जागी काय करायचं ते मात्र ती सांगायला विसरली.

दर आठवड्याला इंदूबाई रिक्षाने सरपंचाला बँडेज बदलायला आणत. जखम भरत होती, टाके निघाले, सूज उतरली. बँडेज समोरून झिजलेलं यायचं, पण ते जमिनीला घासून होत असेल असं पौर्णिमा धरून चालली. सातव्या आठवड्यात पौर्णिमा सहज कुंभिवलीकडून चालली होती, म्हणून तिने गाडी इंदूबाईंच्या दारात वळवली.

सरपंच अंगणातल्या शेळ्यांमागे चालला होता. त्याच्या गळ्यात दोरीने हातभर लांबीचं लाकूड अडकवलेलं होतं. उनाड गुराने पळू नये म्हणून त्याच्या गळ्यात असा ओंडका बांधतात, लोढणं म्हणतात त्याला. पळायला गेलं की ते दोन्ही पायांत येतं आणि नडग्यांवर आपटतं. सरपंचाच्या प्रत्येक पावलाला ते लाकूड उजव्या पायावरच्या बँडेजला लागत होतं. बँडेज समोरून झिजून काळं पडलं होतं.

"मावशी!" पौर्णिमा एवढ्या मोठ्याने ओरडली, की शेळ्या पांगल्या. "हे काय केलं? कुनी सांगितलं हे बांदायला?"

"तूच म्हनालीस ना, पळू द्याचं नाय," इंदूबाई गोंधळून म्हणाल्या. "बांदून ठेवला तं रडायचा, दावं चावून तोडायचा, गोल गोल फिरून धडपडायचा. लोडणं घातल्यापासनं बग, एक दिस पळाला नाय. तुज्याकडं आनताना काडत होते, रिक्षात मावत नाय म्हनून."

"किती दिवस झाले?"

"पाच आठवडे."

पौर्णिमाने दोरी कापली आणि लाकूड अंगणाच्या पार टोकाला भिरकावलं. तिला इंदूबाईंवर ओरडायचं होतं. पण ती बाई चुकली कुठे? पळणाऱ्याला थांबवायला या गावात दुसरा उपाय कुणाला माहीत होता? लहानपणापासून शंभर लोढणी आपण स्वतः पाहिली, आणि सांगताना एकदाही आपल्या डोक्यात आलं नाही. पिंजऱ्याचं वाक्य आपणच गाळलं होतं. पाच आठवडे तो ओंडका आतल्या पट्टीवर, त्या आठ स्क्रूंवर आपटत होता. आत काय राहिलं असेल?

"मावशी, उद्या दुपारी खोपोलीला फोटो काडू," ती एवढंच म्हणाली. इंदूबाईंचा चेहरा उतरला.

खोपोलीच्या एक्स-रे सेंटरमधला मनोज दुपारी जेवणाच्या वेळेत, माणसांची गर्दी नसताना, पौर्णिमाचे रुग्ण आत घ्यायचा. अट एकच, की कुत्र्याने टेबलावर काही करू नये. सरपंचाला आत नेलं, बँडेज सोडलं, पाय आडवा धरला. इंदूबाई बाहेरच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. आदल्या दिवसापासून त्या जेवल्या नव्हत्या, हे हिरूने पौर्णिमाला हळूच सांगितलं होतं. पौर्णिमाही जेवली नव्हती, फरक इतकाच, की तिचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पडद्यावर चित्र उमटायला चार सेकंद लागत असतील. तेवढ्यात पौर्णिमाने मनातल्या मनात तुटलेली पट्टी पाहिली, सैल झालेले स्क्रू पाहिले, पाय काढण्याची तारीखसुद्धा ठरवली. मग चित्र आलं. सगळ्यांत खालचा एक स्क्रू दोराभर बाहेर सरकला होता. तिने मनोजला चित्र मोठं करायला सांगितलं.

बाकीचे सात जागच्या जागी होते. पट्टी सरळ होती. आणि जिथे सांधा असतो, जिथे हाडाहाडांमध्ये काळी रेघ दिसायला हवी, तिथे रेघ नव्हती. एका हाडातून दुसऱ्यात करडा रंग सलग गेला होता. तिने डोळे चोळून पुन्हा शोधलं, एकेक हाड मोजत, ऋतिकाने पांढरं शोधावं तसं. कुठेच फट सापडली नाही. हाडं जुळली होती. लाकूड बाहेरून आपटत राहिलं आणि आत हाडांनी आपलं काम उरकून घेतलं होतं.

पौर्णिमाचा जीव भांड्यात पडला. ती स्टुलावर बसली आणि तिला रडू आलं. सतरा वर्षांत गोठ्यात तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. मनोज आ वासून बघत राहिला. दारातून इंदूबाईंनी ते पाहिलं आणि त्या भिंत धरत आत आल्या.

"गेला ना पाय?" त्या म्हणाल्या. "माज्यामुळं गेला. तू सांग, माज्यामुळंच गेला. काल रातभर तेच म्हनते मी. मी अडानी, माजं मेलं डोकंच चाललं नाय."

"नाय मावशी," पौर्णिमा डोळे पुसत म्हणाली. "जुळलाय. एक स्क्रू हाललाय, तो काडून टाकू नंतर. पाय पक्का जुळलाय."

"मंग रडतेस का गं?"

"मला वाटलं माज्यामुळं गेला. बांदायचं कसं, ते मी तुमाला नीट सांगितलंच नव्हतं."

इंदूबाईंनी आपल्याच पदराने डॉक्टरीणबाईंचं नाक पुसलं, लहान पोरीचं पुसावं तसं, चांगलं जोराने. "आगं बाय," त्या म्हणाल्या, "मंग आपन दोगी उपाशी कशापायी बसलो?" हिरू खुदकन हसली आणि वडापाव आणायला धावली.

नवं बँडेज बांधण्याआधी पाय टेकवून बघायचा म्हणून पौर्णिमाने सरपंचाला दोरीने बाहेर आणलं. तो दारात थांबला. उजवा पाय त्याने सवयीने उचलून धरला होता. मग सेंटरबाहेर लावलेल्या मनोजच्या नव्याकोऱ्या मोटारसायकलकडे त्याचं लक्ष गेलं. तो तिच्यापाशी गेला, मागचं चाक सविस्तर हुंगलं, उजवा पाय जमिनीवर टेकला आणि मागची तंगडी वर केली.

"ए! ए, हाड!" मनोज आतून ओरडत आला.

"थांब," पौर्णिमा त्याचा दंड धरून म्हणाली, आणि तिने तो जरा जास्तच जोराने धरला. "एक मिनिट त्याला काही बोलू नकोस."

सरपंचाने सावकाश, कसलीही घाई न करता आपलं काम पुरं केलं. पौर्णिमा खाली वाकून फक्त पुढच्या उजव्या पायाकडे बघत होती. मनगट खाली बसलं नाही, थरथरलं नाही, आणि अंगाचा भार त्याने सरळ घेतला होता.